युकुलेलेची चौथी तार : वरची ठेवू की खालची लावू?

पेटीवाली_काकू, सांगली

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी नोकरीला बंगळूरला गेली. जाताना कपाटावर एक काळी पिशवी ठेवून गेली आणि म्हणाली, "आई, याला हात लावू नकोस." नाही लावला. पण यंदा मार्चअखेरीला आमच्या पतसंस्थेत रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ताळेबंद जुळवत बसलो होतो. शेवटी सदतीस रुपये काही केल्या जुळेनात. तशीच घरी आले, डोकं उठलेलं, आणि का कोण जाणे, स्टूल घेऊन ती पिशवी खाली काढली. आत युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य. तेवीस इंची, त्याला कॉन्सर्ट म्हणतात असं नंतर कळलं. चार नायलॉनच्या तारा आणि कडेला एक टवका उडालेला.

माझं संगीत म्हणजे लहानपणची पेटी. प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, केंद्र मिरजेला असायचं, वडील सायकलवर डबलसीट न्यायचे. पुढे लग्न, नोकरी, आणि पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. आता दर गुरुवारी भजनी मंडळात गाते, तेवढंच. पेटीवाली हे नाव माहेरचं समजा.

तर पहिली शंका मला पहिल्याच दिवशी आली. वाद्य मांडीवर धरलं की जी तार हनुवटीच्या बाजूला येते, म्हणजे चौथी, ती जाड आणि खर्जातली असणार असं मी धरून चालले होते. छेडली तर टिंग! तिसरीपेक्षा बारीक आणि सूर वरचा. मला वाटलं, तुटली असेल आणि पोरीने घाईत भलतीच कुठली तरी लावून दिली. क्लिपचा ट्यूनर लावला तर तो म्हणतो बरोबर आहे, जी. (चार तारांचे सूर चौथीपासून पहिलीपर्यंत जी, सी, ई, ए.) शेवटी फोन केला. "आई, ती तशीच असते. म्हणजे तू हात लावलास!"

असो. महिनाभर कॉर्ड शिकले. सी, एफ, जी, ए मायनर. बोटांची टोकं सुजली पण मजा आली. मग वाटलं, आपल्याला सूर कळतात, नुसतं खाजवत काय बसायचं, काहीतरी वाजवू. सगळीकडे सीपासून सुरुवात करतात म्हणून तिसरी मोकळी तार धरली सा. पांढरी एक, म्हणजे पेटीवरचा सी. भूप राग घेतला. सा रे ग, रे सा, आणि आता ध... मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला ध नाहीच! सा हीच या वाद्याची सगळ्यात खालची जागा. पेटीच्या डावीकडच्या सगळ्या पट्ट्या कुणी करवतीने कापून नेल्यासारखं वाटलं. भूपात "ध सा रे ग" म्हणता येत नसेल तर भूप कसला?

मग आमच्या सोसायटीतल्या पोरांनी पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीत वाजवा म्हणून मागे लागून कबूल करून घेतलं. तिथेही तेच. पहिली ओळ छान गेली, आणि "विधाता"वर मंद्र नि लागतो, तिथे बोट हवेत.

शोध घेतल्यावर कळलं की हा वाद जगभर आहे. चौथी तार वरच्या जीला लावायची, त्याला हाय जी. नाहीतर त्याच जीचा खालचा सूर, त्याला लो जी. बाकीच्या तीन तारा तशाच. लो जी लावली की मंद्र प, ध, नि सगळे हाती येतात. मी आहे तीच तार ढिली करून खाली आणायला गेले, तर वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली. मग एका दुकानात गेले (नाव नको, बिचारे नेहमीचे आहेत). ते म्हणाले, "गिटारची चौथी लावा की, काय फरक पडतोय." आणि एक तार पुडीत बांधून दिली. घरी येऊन उघडली तर थंडगार लोखंड. हिंमत झाली नाही. पुडी देव्हाऱ्याच्या खणात पडून आहे.

तर प्रश्न असे : लो जी लावू का? लावली तर मुलीच्या वाद्याला काही होणार नाही ना? आणि नाही आवडली तर परत मागे येता येतं का? एका व्हिडिओत तो गोरा म्हणतो लो जीशिवाय जगणं व्यर्थ, दुसऱ्यात बाई म्हणते लो जी लावली की युकुलेले मरतं आणि छोटी गिटार जन्माला येते. माझ्या डोक्याचा ताळेबंद पुन्हा सदतीस रुपयांनी चुकतोय.

---

भडंगप्रेमी

काकू, आधी मुलीला विचारा. वाद्य तिचं आहे.

(बाकी मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय. ते सदतीस रुपये सापडले का?)

---

अजिंक्यतार, सातारा

काकू, पहिलं काम : ती पुडी खणातून काढा आणि कुणा गिटारवाल्याला देऊन टाका. लोखंडी तार युकुलेलेला अजिबात लावायची नाही. हे वाद्य नायलॉनच्या ताणाला धरून केलेलं असतं, वरची फळी पातळ, घोडी (तारा खालच्या टोकाला जिथे बांधतात ती पट्टी) नुसती चिकटवलेली. माझ्या मावसभावाने असाच शहाणपणा केला होता. संध्याकाळी तार चढवली, रात्री आम्ही जेवायला बसलो आणि आतल्या खोलीतून टाण् करून आवाज आला. बघतो तर घोडी तारांसकट उखडून गादीवर. खाली फळीचे कोवळे सालपट निघालेले. मावशीला वाटलं उंदराने काही पाडलं.

तुमची आहे ती तार लोंबली त्याचं कारण साधं आहे. सूर बरोबर निम्म्यावर आणला (वरचा जी ३९२ हर्ट्झ, खालचा १९६) की ताण निम्मा होत नाही, पाव होतो. पाव ताणात कुठली तार बोलणार? तेवढाच ताण ठेवून सूर निम्मा हवा असेल तर त्याच मालाची तार दुप्पट जाड लागते. म्हणून लो जीची वेगळी तार मिळते. दोन प्रकार. एक साधी, जाडजूड, फ्लुरोकार्बन नाहीतर नायलॉनची, ती थोडी ठस्स वाजते. दुसरी आत नायलॉनचे धागे आणि वरून धातूची बारीक गुंडाळी असलेली. आवाज भरीव, पण बोट सरकलं की चुईं करते, आणि बाकीच्या तिघींपेक्षा चमकून पुढे येते.

वेगळा संच मागवायचा नसेल तर एक जुगाड सांगतो, मी स्वतः वर्षभर वापरलाय. क्लासिकल म्हणजे नायलॉनच्या गिटारचा संच घ्या आणि त्यातली चौथी, डी, लावा. तुमचे दुकानदार अर्धं बरोबर बोलले होते, फक्त गिटार चुकली. गिटारवर ती जेवढ्या ताणात असते त्याच्या साधारण साठ टक्के ताण कॉन्सर्टवर जीला लावल्यावर येतो, म्हणजे वाद्याला काही त्रास नाही. एकवीस इंची सोप्रानोवर मात्र ती जरा ढिली पडते.

मी सहा वर्षं लो जीच वाजवतोय, सव्वीस इंची टेनरवर. माझं मत सरळ आहे : सुरावट वाजवायची असेल तर लो जी. सी ते जी मधले पाच जास्तीचे सूर मिळतात आणि कॉर्डचे आकार एकही बदलावे लागत नाहीत. रात्री जेवणानंतर गच्चीवर बसतो, समोर किल्ल्यावरचे दिवे, अंगठ्याने ती खालची तार वाजवली की पोटात घुमते. ते सुख हाय जीत नाही. युकुलेले मरतं वगैरे काही नाही ओ. लावा बिनधास्त.

---

पेटीवाली_काकू, सांगली

@भडंगप्रेमी, सापडले. एका खातेदाराचा चेक दोनदा नोंदला होता आणि दुसरीकडे एक चूक उलटी, असे मिळून सदतीस. वाद्याबद्दल मुलीला विचारलं. म्हणाली, "फोडू नकोस म्हणजे झालं."

@अजिंक्यतार, पुडी शेजारच्या मुलाला दिली, तो खूश. गादीवरची घोडी वाचून मला रात्री दोनदा जाग आली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नायलॉन गिटारचा संच आणायला उद्या जाते.

---

मिरजेची_खुंटी

ताई, उद्या जाऊ नका. एक दिवस थांबा आणि आधी एक सांगा : तुम्ही गाता कुठल्या पट्टीत?

---

पेटीवाली_काकू, सांगली

पूर्वी काळी चार होती. आता वय झालं, घसा उतरला, पांढरी पाच. त्याचा काय संबंध?

---

मिरजेची_खुंटी

सगळा संबंध तिथेच आहे.

मी वाद्यं करणाऱ्यांच्या घरातला नव्हे, पण सतारमेकर गल्लीत हाताखाली राहून काम शिकलो आणि एकोणीस वर्षं दुरुस्त्या करतोय. पोटापाण्याचं काम तंबोरा-सतारीचं, पण हल्ली महिन्याला चार-पाच युकुलेले येतात. बहुतेक वाढदिवसाला मिळालेले आणि कुणीतरी वर बसलेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दुकानात पेढे वाटत होतो आणि मांडीवर युकुलेलेच होतं, एका पोराने त्याच्या पोटात पावडर ओतली होती.

आधी तुमची पहिली शंका. चौथी तार वर कशी, तारा क्रमाने का नाहीत. ताई, तुम्ही मिरजेला परीक्षा दिलीत, तंबोरा डोळ्यासमोर आणा. पहिली तार मंद्र पंचम. मग जोडीच्या दोन, मध्य षड्ज, म्हणजे वर गेलो. आणि चौथी खर्ज, सगळ्यांच्या खाली. तिथे कुठे क्रम आहे? प सा सा सा असं आपण छेडतो आणि कुणी म्हणत नाही की तार चुकीची लागली. युकुलेलेवाल्यांनीही काही वेगळं केलेलं नाही. क्रम हा पेटीचा हट्ट आहे, तारेच्या वाद्यांचा नव्हे. (पेटीवाल्यांनी रागावू नये.)

आता जोड म्हटलं तर तुमच्या वाद्यात ऐका. एफची कॉर्ड धरा : चौथ्या तारेवर दुसरा पडदा, दुसऱ्या तारेवर पहिला. आता फक्त चौथी आणि पहिली छेडा. दोन्ही ए, एकच सूर, दोन गळ्यांतून. किंचित फरक असतो त्यामुळे आवाज हलतो, पाण्यावर हलल्यासारखा. जीच्या कॉर्डमध्येही तसंच, चौथी आणि दुसरी एकच बोलतात. हाय जीवाल्यांना जो आवाज गोड लागतो तो बराचसा या जोडीमुळे. लो जी लावली की जोड मोडते. चौथी खाली जाते, आवाज पसरतो, जड होतो. सव्वीस इंचीला ते शोभतं, पोट मोठं असतं. तेवीस इंचीत कधी शोभतं, कधी ती एकच तार घुमते आणि बाकीच्या तिघी माहेरी आल्यासारख्या गप्प. लाकडावर आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणता मंद्र ध नाही. मी म्हणतो, आहे. तुम्ही सा चुकीच्या जागी ठेवलात. युकुलेले शिकवणारे सगळे सीपासून सुरू करतात कारण त्यांना सीची कॉर्ड सोपी, एक बोट ठेवलं की झालं. तुम्हाला कुणी सांगितलं की पांढरी एकच सा धरा? गाणाऱ्या माणसाने स्वतःची पट्टी सोडून पुस्तकाच्या पट्टीत वाजवायचं हे कसलं शास्त्र?

तुमची पट्टी पांढरी पाच, म्हणजे जी. दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा दाबा, तो तुमचा सा. आता दुसरीच तार मोकळी सोडा. तो काय वाजला? मंद्र ध. तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा, मंद्र प. तिसरी मोकळी, मंद्र म. आता वर चला. पहिली मोकळी म्हणजे रे, तिच्या दुसऱ्या पडद्यावर ग, पाचव्यावर प, सातव्यावर ध, दहाव्यावर तार सा. भूप पूर्ण बसला की नाही? राष्ट्रगीताला मंद्र नि हवा तो दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, आणि म पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर. तुमच्या गळ्याच्या एक सप्तक वर वाजेल, पण पट्टी तुमचीच. गाता गाता वाजवा, अडणार नाही.

आणि गंमत अजून बाकी आहे. या पट्टीत ती मोकळी चौथी तार, जिच्यावर तुमचा राग आहे, ती काय आहे? जी. म्हणजे सा. तुमच्या सुरावटीच्या अगदी शेजारी, अंगठ्याखाली, मोकळी सा. सतारीला आपण चिकारी लावतो ती कशासाठी? मध्ये मध्ये सा देत राहायला. तुम्हाला ती फुकट मिळाली आहे. ग रे सा घेतलं की अंगठ्याने टिंग. त्या टिंगवर तुम्ही महिनाभर नाराज होता.

लो जी लावली असती तर? खालची मोकळी जी तुमच्या गळ्याचा नेमका सा. बरं वाटलं असतं. आणि त्याच्याखाली काय? काहीच नाही. म्हणजे गळ्याच्या सुरात वाजवायला बसलात की मंद्र ध पुन्हा गायब, आणि चिकारीही गेली. पैसे देऊन त्याच खड्ड्यात.

अजिंक्यतार यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पुरुषाचा गळा, पट्टी बहुतेक पांढरी एक नाहीतर काळी एक असणार. त्यांनी सा तिसऱ्या मोकळ्या तारेच्या आसपास धरला की खाली मंद्र प पर्यंत जायला लो जी लागतेच. त्यांना ती योग्य. माणूस बघून तार सांगावी, एवढंच.

तरी लावायचीच असेल तर अजून एक सांगतो, कारण मग वाद्य माझ्याकडेच येणार. वरच्या पट्टीत, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथली चौथी खाच बारीक तारेच्या मापाची असते. जाड तार त्यात बसत नाही, वर तरंगते. मग पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढा येतो. मोकळी बरोबर, दाबली की बेसूर. लोक तार बदलून बदलून थकतात, दोष खाचेचा असतो. बारीक कानशीने दोन-चार हात मारले की बसते, पण जपून. जास्त खोल गेली की तार पडद्याला घासून खणखणते. आणि पुढे परत बारीक तार लावली की ती रुंद खाचेत हलते. त्यावर उपाय आहे : खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबायचा, वर फेविक्विकचा एक थेंब, क्षणात दगड होतो, मग नव्याने खाच पाडायची. म्हणजे मागे येता येतं. पण आधी आठ दिवस सा हलवून बघा. फुकट आहे.

---

अजिंक्यतार, सातारा

पकडलंत. पांढरी एक. मी आयुष्यात कधी असा विचारच केला नव्हता, मला वाटायचं लो जी भारी म्हणून भारी. आत्ता बायकोच्या पट्टीत (काळी चार) वाजवून बघितलं. चौथ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर सा, आणि त्याखाली एकुलता एक मंद्र नि. ती म्हणाली, "म्हणूनच तुझ्याबरोबर गाताना मला अवघडायला होतं." सहा वर्षांनी कळतंय.

पण गच्चीवरचं पोटात घुमणं मी सोडणार नाही.

---

अरबट_चरबट

थोडं अवांतर. हे उलटसुलट तारांचं प्रकरण हवाई बेटांवर तयार झालं असं समजू नका, ते बाहेरून आलं. १८७९ साली रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत मजुरीला होनोलुलूला उतरले. त्यांत मॅन्युएल नुनेश, ऑगस्टो डियास आणि जोझे दो इस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकाम करणारे होते, त्यांनीच पुढे तिथे पहिली युकुलेले बनवली. बरोबर आणलेल्या त्यांच्या वाद्यांपैकी राजाओला पाच तारा असत. त्यातली एक काढली की उरलेल्या चौघी म्हणजे आजचं जी सी ई ए, वरच्या जीसकट. म्हणजे जुनी रीत हाय जीची. लो जी नंतरची.

उसावरून आठवलं, आमच्याकडे अजून ऊसतोड मिळेना. पण तो वेगळा धागा.

---

भडंगप्रेमी

उसाच्या मळ्यातून आलेलं वाद्य सांगली-साताऱ्यात रमणारच.

---

पेटीवाली_काकू, सांगली

बारा दिवसांनी लिहितेय. मध्ये भाऊजींकडे कार्य होतं.

@मिरजेची_खुंटी, काय सांगू तुम्हाला. त्याच रात्री स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले, कुकरची शिट्टी व्हायची होती. दुसऱ्या तारेचा तिसरा पडदा. मग दुसरी मोकळी. ध. तिथेच होता, महिनाभर माझ्या बोटाखाली. मी रोज ती तार वाजवत होते आणि तिला ग म्हणत होते. ध सा रे ग चारदा वाजवलं आणि तोंडाने म्हटलं, आणि गळ्याला कुठेही चढावं-उतरावं लागलं नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त झाल्या. डाळीचं पिठलं झालं, ह्यांनी मुकाट्याने खाल्लं.

चिकारी जमायला वेळ लागतोय. अंगठा वेड्यासारखा सगळीकडे पडतो. पण "ग रे सा टिंग" एकदा नीट पडलं ना, की सतार वाजवल्यासारखा आव येतो अंगात.

आणखी एक सापडलं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. सुरुवातीला धरत होते तो सीचा सा एकदा पुन्हा धरून बघितला, आता राग नव्हता म्हणून असेल. तिसरी मोकळी सा, दुसरी मोकळी ग, चौथी मोकळी प, पहिली मोकळी ध. म्हणजे तीन, दोन, चार, एक या क्रमाने नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या की सा ग प ध! डाव्या हाताचं एक बोट न लावता. फक्त रेसाठी तिसऱ्या तारेचा दुसरा पडदा. आणि मोकळ्या असल्यामुळे आधीचा सूर थांबत नाही, पुढचा त्याच्यावर येऊन बसतो, सगळे मिळून झुळझुळतात. मंद्र ध नाही, मान्य. पण हे लो जीवर होणारच नाही, कारण प खाली गेला की चढण मोडते. म्हणजे आता माझे दोन भूप आहेत. एक पांढरी पाचचा, गायचा. एक पांढरी एकचा, नुसता ऐकायचा.

राष्ट्रगीताची रोज एकदा तालीम. "विधाता" आता पडत नाही. बावन्न सेकंदांत मात्र बसत नाही अजून, माझं एक मिनिट दहा होतं. पोरं म्हणाली, आम्ही हळू म्हणू. मी सांगितलं, तसं चालत नाही, मीच वेग वाढवते.

लो जी नाही लावत. निदान या वाद्याला नाही. खरं सांगते, नायलॉन गिटारचा संच तुमचा प्रतिसाद यायच्या आधीच शेजारच्या मुलाकडून मागवून झाला होता. पाकीट फोडलेलं नाही. गुरुवारी भजनी मंडळात वाद्य नेलं होतं. आमच्या टाळवाल्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी हातात घेऊन चौथी तार छेडली आणि मला विचारलं, "ही तार बाई उलटी लावलीस का गं?" मी म्हटलं, आजी, तंबोरा आठवा. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि पुन्हा छेडली.

---

मिरजेची_खुंटी

तीन दोन चार एक मला माहीत नव्हतं. आत्ता दुकानातल्या एकावर करून बघितलं, गिऱ्हाईक बाहेर थांबलंय. झकास.

बारा दिवसांत चौथी तार उतरत असेल तर खुंटीमागचा स्क्रू अर्धा आटा आवळा, जास्त नको.

---

अजिंक्यतार, सातारा

काकू, तो न फोडलेला संच विकताय का? माझी डी घासून पांढरी झालीये. शनिवारी मिरजेला लग्नाला येतोय, सांगलीला वडापने येऊन घेऊन जाईन. येताना कंदी पेढे आणतो.

---

पेटीवाली_काकू, सांगली

विकत कसला, घेऊन जा. संध्याकाळी सहानंतर या, त्याआधी मी पतसंस्थेत असते. आणि तुमचं लो जीवालं वाद्य बरोबर आणा, मला ते पोटात घुमणं एकदा ऐकायचंय.